उंचीच्या पट्टीखाली

तीन वर्षांच्या आतलं मूल घेऊन थीम पार्कात जाऊ नये. चार वर्षांचं असेल तर दहा वेळा विचार करावा. सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईच्या घरांत बेत ठरतो: सगळे मिळून खोपोलीच्या पार्कात जाऊ, बाळालाही मजा येईल. मोठ्यांना येईल. दहा-बारा वर्षांच्या पोरांना तर नक्कीच येईल. बाळाला येणार नाही. त्याच्या वाट्याला ऊन येतं, गोंगाट येतो, मोडलेली झोप येते. आणि हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच केला, असं सांगत आपण रात्री घरी परततो.

दिवसाचं घड्याळच बघा. पार्क उघडतात सकाळी दहा-अकराच्या सुमाराला. लांबून यायचं तर मूल सहाला उठवावं लागतं, दूध घाईघाईत पाजावं लागतं, आणि पुण्याहून निघाला असाल तर ते दूध खंडाळ्याच्या घाटात बाहेर येतं. बारा ते तीन ही मुलाच्या झोपेची वेळ, आणि तीच पार्काची ऐन गर्दीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३, असं त्यांत म्हटलं आहे. दुपारची झोप त्यात धरलेली आहे. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कोणी सांगत नाही: एवढ्या लहान मुलाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीवर बांधून एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये. आता पार्कातला दिवस यावर ताडून पाहा. जाताना दोन तास गाडीत. मग बाबागाडीत. रांगेत कडेवर. जेवताना पुन्हा बाबागाडीत. येताना परत गाडीत. चालायला नुकतंच शिकलेलं, दिसेल तिकडे धावणारं मूल आपण दिवसभर पट्ट्यांनी बांधून फिरवतो.

ऊन तर विचारूच नका. कोकणाच्या तोंडाशी मे महिन्यातली हवा कशी असते हे खोपोली-पालीच्या रस्त्यावर दुपारी उभं राहिलेल्याला सांगायला नको. लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पसारा जास्त, शिवाय घामही कमी, म्हणून उन्हात ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. त्यात अनेक आया बाबागाडीवर ओढणी पसरून सावली करतात. हेतू चांगला, पण आत हवा कोंडते आणि गाडीतली उष्णता उलट वाढते. हे कुणीतरी गेटवर पाटी लावून सांगायला हवं. पार्कवाल्यांकडे फोटोच्या जागा दाखवायला पाट्या असतात, तर यासाठीही एक निघेल.

आता तिकिटाकडे या. आपल्याकडे मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी उंचीवर ठरतं. वंडरलाच्या पार्कांत ८५ सेंटिमीटरखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. ८५ सेंटिमीटर म्हणजे दोन वर्षांच्या आसपासचं मूल. घरात लगेच हिशोब होतो: फुकट आहे, तर नेऊ. मी म्हणते, हिशोब उलटा करा. जो धंदा पॉपकॉर्नच्या पुड्याचेही चोख पैसे घेतो, तो या मुलाला फुकट का सोडतो? कारण त्या मुलाला विकण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. फुकट मुलामागे आई, बाबा, आजी, आजोबा अशी चार पुरी तिकिटं खपतात. त्या चौघांपैकी आजींचे गुडघे दुखतात. आजोबांची अँजिओप्लास्टी झालेली, आणि मोठ्या राइडच्या तोंडाशी हृदयविकाराच्या माणसाने बसू नये अशी पाटी असते. आई बाळापाशी. म्हणजे चार तिकिटांत एक माणूस राइडमध्ये बसतो.

अमेरिकेतही तेच. तिथल्या डिस्ने पार्कांत तीन वर्षांखाली प्रवेश फुकट, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं तिकीट. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांत म्हणून ठरलेलं वाक्य ऐकू येतं: तीन पूर्ण व्हायच्या आत डिस्नेलँड उरकून घेऊ. भारतातून आलेले आजी-आजोबा तिथे असतातच, त्यांनाही दाखवून होतं. पण डिस्नेलँडच्या स्पेस माउंटन या राइडमध्ये बसायला किमान ४० इंच उंची लागते, म्हणजे १०२ सेंटिमीटर. एवढी उंची साधारण चौथ्या वर्षी येते. प्रवेश फुकट तिसऱ्या वर्षापर्यंत, आणि ज्यासाठी माणसं जातात ते मिळतं चौथ्यानंतर. मधलं मूल काय करतं? पट्टीपाशी उभं राहतं, पट्टीच्या खाली भरतं, आणि बाजूला होतं.

वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात त्यांच्या दोन मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असत, आणि ते बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. आईबापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी जागा असायला हवी, हा विचार त्यांना त्या बाकावर सुचला. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. या कल्पनेबद्दल मला मनापासून आदर आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीबरोबर बाप एकाच डब्यात बसून किंचाळतो तेव्हा ती कल्पना खरी ठरते, मी ते पाहिलं आहे. पण मूल दोन वर्षांचं असेल तर आईबाप पुन्हा बाकावरच येतात. फरक इतकाच, की ग्रिफिथ पार्कातल्या मुली निदान आत फिरत होत्या. इथे मूलही बाकावर आणि आईही.

आणि आईच. बाबा नव्हे. कोणत्याही पार्कात, कोणत्याही मोठ्या राइडच्या बाहेर पडण्याच्या दाराशी जाऊन बघा. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, इतरांचे चष्मे-मोबाइल आणि मांडीवर पेंगणारं मूल घेऊन कोण बसलेलं असतं? आई, नाहीतर आजी, नाहीतर मावशी. तिनेही तिकिटाचे तेवढेच पैसे मोजलेले असतात. डिस्नेच्या पार्कांत यावर तोड आहे: एक पालक राइड करून आला, की दुसऱ्याला परत पुरी रांग लावावी लागत नाही. तिथे बाळांसाठी वेगळं केंद्रही असतं, दूध पाजायला आडोसा, अन्न गरम करायला सोय, छोट्या खुर्च्या. आपल्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या बाईचं नाव द्यायचं एवढी जाण सरकारी खात्याला आहे. हजारांच्या घरात तिकीट लावणाऱ्या प्रत्येक जागेकडून तेवढी अपेक्षा करणं मुळीच अवाजवी नाही. तिकीट काढण्याआधी फोन करा आणि विचारा: दूध पाजायची खोली कुठे आहे, नवरा-बायकोला आळीपाळीने राइड करता येते का, बाळाचा डबा आत नेऊ देता का. फोनवरच्या माणसाला उत्तर येत नसेल तर ते उत्तरच समजा.

डब्याचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. बहिणीच्या कुटुंबाबरोबर मीही एका पार्कात गेले होते. भाची दोन वर्षांची, भाचा आठ वर्षांचा. गेटवर पिशव्या तपासत होते. बाहेरचं अन्न आत चालत नाही, असं म्हणत तिथल्या माणसाने स्टीलचा डबा उघडायला लावला. आत मूगडाळ घातलेलं खिमट होतं, वर तुपाचा ठिपका, बाजूला छोटा चमचा. माझी बहीण सांगत होती, बाळासाठी आहे. तो म्हणाला, आत सगळं मिळतं. बहिणीच्या सासूबाई पुढे झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमच्या आतल्या भटुऱ्याला ही दात कुठून आणेल?" मागची रांग खोळंबली होती. साहेबांना फोन झाला, साहेबांनी डबा बघितला, मग सोडलं. यात जो वेळ गेला त्यात मूल रडायला लागलं ते लागलंच. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं होतं ते तो करत होता. राग त्यांच्यावर आहे ज्यांनी नियम लिहिताना दोन वर्षांचं मूल आठवलंच नाही.

त्या दिवसाचा खरा तोटा मात्र भाचीचा झाला नाही, भाच्याचा झाला. लहान भावंडाला बरोबर नेण्यातली ही सगळ्यात वाईट बाजू आहे आणि तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. तो महिनाभर आधीपासून राइडची नावं पाठ करत होता. कोणती आधी, कोणती नंतर, कोणत्या डब्यात बसायचं, सगळं वहीत लिहिलेलं. उंचीही भरत होती. आणि दिवसभर त्याला काय ऐकायला मिळालं? थांब, बाळाला भूक लागली आहे. थांब, बाळ झोपलंय, आवाज करू नकोस. थांब, बाळाचे कपडे बदलतेय. त्याच्या वडिलांनी त्याला एका राइडच्या रांगेत नेलं. पाऊण तास उभे राहिले, आणि दार दिसायला लागलं तेवढ्यात फोन आला, ताप आल्यासारखं वाटतंय, लगेच या. ते रांगेतून बाहेर आले. ताप नव्हता, अंग उन्हाने तापलं होतं. तो काही बोलला नाही. हट्ट केला असता तर मला बरं वाटलं असतं. आठ वर्षांच्या मुलाने इतकं समजूतदार व्हावं अशी वेळ आपण का आणतो? त्याच्या वाट्याचा दिवस होता. लहानगीला आजीपाशी घरी ठेवून त्याच्याबरोबर एक माणूस गेला असता, तर पैसे निम्मे लागले असते आणि त्याची वही पुरी झाली असती.

आता त्या मोठ्ठ्या डोक्याच्या बाहुल्यांकडे. माणूस आत शिरून फिरतो तो कापडी प्राणी. मोठ्या मुलांना तो आवडतो, कारण आत माणूस आहे हे त्यांना कळतं. दोन वर्षांच्या मुलाला खरं आणि सोंग यातली रेघ अजून दिसत नसते. त्याच्या बाजूने बघा: घरातल्या दारापेक्षा उंच, न मिटणारे डोळे, न हलणारं तोंड, आणि ते आपल्याकडेच चालत येतंय. त्या दिवशी फूड कोर्टापाशी एक वडील आपल्या मुलाला असंच पुढे ढकलत होते. मुलगा असेल अडीचेक वर्षांचा. त्याने दोन्ही मुठींत वडिलांची पँट धरली होती, मान मागे वळवली होती, ओठ निळसर पडेपर्यंत रडत होता. वडील एका हाताने त्याची बोटं सोडवत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून म्हणत होते, "शेकहँड कर, शेकहँड कर, काही करत नाही तो." बाहुल्याच्या आतल्या माणसाला आधी कळलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि लांबून हात हलवत निघून गेला. फोटो हवा होता, मिळाला असेल. पण त्या मुठी सोडवण्याचा अधिकार कोणत्याही बापाला नाही. मूल धरून आहे म्हणजे त्याला धरून राहायचं आहे.

अंधाऱ्या राइडचंही तसंच. "यात काही नाही, नुसती गाडी फिरते," असं सांगून मोठी माणसं मुलाला मांडीवर घेऊन आत शिरतात. आत एकदम काळोख, कानाजवळ स्पीकर, तोंडावर वारा. बाहेर आल्यावर सगळे हसत असतात आणि मूल रडत असतं. त्यानंतर आठवडाभर घरातला दिवा मालवला की रडारड होते, तेव्हा मात्र कोणाला पार्क आठवत नाही.

पाण्याच्या पार्कांबद्दल थोडक्यातच सांगते. पोहण्याचे डायपर घट्ट वस्तू अडवतात, जुलाब अडवत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त टिकू शकतो, आणि छोटी मुलं पाणी गिळतातच. ज्या मुलाचं पोट बिघडलं आहे त्याला, तिकीट काढलंय म्हणून, पाण्यात उतरवू नका. हे तुमच्या मुलासाठी नाही, शेजारी खेळणाऱ्या दुसऱ्याच्या मुलासाठी आहे.

लहान मुलांना नेऊ नका असं म्हटलं, की एक ठरलेलं कारण पुढे केलं जातं: नेलं तरी त्यांच्या लक्षात कुठे राहतं? मला हे कारण अजिबात पटत नाही. बहुतेक माणसांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, हे खरं आहे. पण लक्षात राहणार नाही म्हणून काही देऊ नये, हा हिशोब लावला तर बाळाला अंगाई तरी कशाला म्हणायची? अंगाई लक्षात राहत नाही, पण ती ऐकताना बाळ शांत होतं, आणि तेवढं पुरेसं आहे. माझी हरकत नेमकी याच जागी आहे. तो दिवस नंतर आठवेल की नाही हा प्रश्न सोडा. तो चालू असताना मुलाला कसा वाटतोय ते बघा. रडून रडून गळा बसलेलं मूल आत्ता, या क्षणी तुमच्या कडेवर आहे.

त्या पार्कात माझी भाची एकदाच मनापासून रमली. फूड कोर्टाच्या मागच्या बाजूला पेव्हर ब्लॉकच्या फटीतून मुंग्यांची ओळ चालली होती. पॉपकॉर्नचा एक तुकडा त्या ओढत होत्या. तुकडा फटीत अडकायचा, मुंग्या फिरून दुसऱ्या बाजूने यायच्या, पुन्हा ओढायच्या. ती उकिडवी बसून बघत राहिली, मध्येच बोटाने तुकडा थोडा पुढे सरकवायची आणि आमच्याकडे बघायची. मुंग्यांचा वेग तिला समजत होता. आपण कधी थांबायचं, कधी उठायचं हेही तिचं तीच ठरवत होती. त्या वयात मुलाला एवढंच हवं असतं.

म्हणून मला पुण्यातली फुलराणी आवडते. पेशवे पार्कातली ही छोटी रेल्वे १९५६ सालापासून धावते आहे. फेरी काही मिनिटांत संपते, तिकीट कुणालाही परवडतं, इंजिन मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येतं, आणि घाबरलं तर पुढच्या फेरीला न बसता झाडाखाली बसता येतं. आवडलं तर परत बसता येतं. दोन वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट परत परत हवी असते आणि थीम पार्क नेमकं तेवढंच देऊ शकत नाही, कारण परत म्हणजे परत रांग. मुंबईत कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आहे. गावोगावच्या जत्रेत हाताने फिरवायचे पाळणे असतात, फिरवणारा मूल रडलं की थांबवतो. ही सगळी ठिकाणं घराजवळ आहेत. मूल कंटाळलं की अर्ध्या तासात ते आपल्या गादीवर असतं.

नेणं टाळताच येत नसेल, अमेरिकेहून भाऊ आलाय आणि सगळ्यांनी जायचं ठरलंय, तर निदान आडवारी जा. पार्कालगत राहायची सोय परवडत असेल तर तिथे एक खोली घ्या, दुपारी मुलाला खोलीवर नेऊन झोपवा. मुलाच्या सदऱ्याच्या खिशात फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा आणि सकाळीच त्याच दिवसाच्या कपड्यांतला त्याचा फोटो काढून घ्या, गर्दीत चुकलं तर रंग आठवत नाहीत. बाळाजवळ कोण कधी थांबणार हे घरीच ठरवा, आणि त्यात बाबांची पाळी पहिली लावा.

शेवटी प्लेग्रुपवाल्यांबद्दल, कारण हा प्रकार वाढत चालला आहे. अडीच-तीन वर्षांच्या मुलांची सहल थीम पार्कात किंवा वॉटर पार्कात नेतात आणि पालकांच्या हातात संमतीचा कागद देतात. त्यावर सही करण्याआधी विचारा: किती मुलांमागे एक ताई आहे? दुपारी मुलं झोपणार कुठे? पाण्यात उतरवणार असाल तर माझ्या मुलाच्या हाताच्या अंतरावर कोण असेल, त्या ताईंचं नाव काय? "काळजी करू नका, आम्ही दरवर्षी नेतो," असं उत्तर आलं, तर सही करू नका आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवा. इतर पालकांशीही आधीच बोलून घ्या. निम्म्याहून जास्त पालकांनी सही दिली नाही तर बसचं भाडं सुटत नाही, आणि सहल जवळच्या बागेत जाते.